मद्रासकरांचे अर्ज

राजकीय जागृतीचा इतिहास सांगावयास बसलो म्हणजे आम्हां मराठी माणसांची दृष्टी सहसा पुण्यापलीकडे जात नाही; गेलीच तर मुंबईच्या बंदरावर जाऊन थांबते. सार्वजनिक सभा, सार्वजनिक काका, न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्यामागून केसरी, हा क्रम आमच्या इतका अंगवळणी पडला आहे की, या देशात सरकारला चार शब्द सुनावण्याची विद्या अन्यत्रही कोणी स्वतंत्रपणे संपादन केली असेल, ही शंकाच आम्हांस शिवत नाही. त्यातून मद्रास इलाख्याला तर खुद्द साहेबलोकांनीच 'अंधारातला इलाखा' असे कुत्सित नाव ठेवले होते. ते नाव साहेबांबरोबर गेले. समजूत मात्र मागे राहिली.

वस्तुस्थिती अशी की, पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या (१८७०) अठरा वर्षे आधी आणि बॉम्बे असोसिएशनच्याही सहा महिने आधी, म्हणजे १८५२ च्या फेब्रुवारीत, मद्रासेत नेटिव्ह असोसिएशन उभी राहिली होती. या शहराचे नाव १९९६ पासून चेन्नई झाले आहे; परंतु आमचा विषय ज्या काळाचा आहे त्या काळाचे नावच येथे वापरणे सोयीचे.

या असोसिएशनचा प्राण होता गाजुल लक्ष्मीनरसू चेट्टी नावाचा एक तेलुगू व्यापारी. जन्म १८०६ चा. निळीचा व कापडाचा धंदा. विद्यालयीन शिक्षण बेताचेच, पण गाठी पैसा होता आणि मनात चीड होती. चीड कसली, तर मिशनऱ्यांच्या धर्मप्रसाराला कंपनी सरकारचे अधिकारी आडून साहाय्य करतात याची. १८४४ च्या ऑक्टोबरात त्याने 'क्रेसेंट' नावाचे इंग्रजी पत्र सुरू केले आणि हार्ले नावाच्या एका माजी सैनिकी अधिकाऱ्याच्या हाती त्याचे संपादन दिले. पत्र निघणार अशी जाहिरात त्याने सरकारी गॅझेटात छापण्यासाठी पाठविली. सरकारने ती घेण्याचे नाकारले. पत्राचा पहिला अंक निघण्यापूर्वीच त्याची सरकारदरबारी अशी नोंद झाली, हे एका अर्थी बरेच झाले. आपण कोणाशी बोलत आहोत, हे संपादकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक राहिले.

पुढे १८४६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ट्वीडेल यांनी सरकारी शाळांत बायबल शिकवावे असा विचार मांडला, तेव्हा लक्ष्मीनरसूने मद्रासेत मोठी सभा भरवून त्याविरुद्ध अर्ज धाडला. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाराचा वडिलार्जित संपत्तीवरील हक्क शाबूत ठेवला, त्यालाही त्याने विरोध केला. या दुसऱ्या प्रकरणी आमची सहानुभूती त्याच्याकडे नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. धर्म बदलला म्हणून मनुष्याने बापाच्या घरातून रिकाम्या हाताने निघावे, हा न्याय नव्हे. पण माणसे सरकारविरुद्ध बोलू लागतात ती नेहमीच उदात्त कारणासाठी बोलू लागतात असे नाही. प्रथम आपल्या देवाधर्मासाठी तोंड उघडावे आणि मग उघडलेले तोंड शेजाऱ्याच्या दुःखासाठीही कामी यावे, असाच अनुक्रम पुष्कळदा दिसतो. लक्ष्मीनरसूच्या बाबतीत तरी तसेच घडले.

१८५३ साली कंपनीची सनद पुन्हा पार्लमेंटपुढे यावयाची होती. त्या निमित्ताने कलकत्त्याच्या ब्रिटिश इंडियन असोसिएशनने मद्रासेस शाखा काढविली. परंतु काही महिन्यांतच मद्रासकर वेगळे झाले आणि आपला अर्ज आपण लिहू म्हणाले. यात मानापमानाचा भाग थोडा, मुद्द्याचा भाग मोठा होता. बंगाल्यात जमीनदारी, तेथील पुढाऱ्यांचे दुखणे जमीनदारांचे. मद्रासेत रयतवारी, सरकार आणि कुळ यांच्यामध्ये जमीनदार नाही, पण तहसीलदार आहे. येथील अर्ज लिहिणारे शहरातले व्यापारी होते खरे, तरी अर्जाचा मुख्य भाग त्यांनी शेतकऱ्याच्या सारावसुलीला दिला. न्यायकोर्टांतील विलंब, मिठाचा मक्ता, रस्त्यांची व बंधाऱ्यांची हेळसांड, शाळांवरील कवडीमोल खर्च ही बाकीची कलमे. १८५३ च्या प्रारंभी हा अर्ज पार्लमेंटात दाखल झाला. सनद मात्र फारसा फेरफार न होता पुढे चालू झाली.

एवढ्यावर प्रकरण संपले असते तर आज त्याची आठवण काढण्याचे कारण नव्हते. पण पार्लमेंटातील डॅनबी सेमूर नावाचे एक सभासद, हिंदुस्थान सुधारणा मंडळाचे अध्यक्ष, त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतः मद्रासेस आले. लक्ष्मीनरसूने त्यांना बंगल्यात बसवून मेजवान्या दिल्या नाहीत. त्यांना बरोबर घेऊन तो जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरला. कडलूर, कुंभकोणम्, तंजावर या बाजूची गावे दाखविली. रयतेला त्यांच्यापुढे उभे केले. साहेबाने जे पाहिले ते साऱ्याचे आकडे नव्हते. साऱ्यासाठी छळलेली माणसे होती.

हा छळ कसा चाले, हे थोडे समजावून सांगणे अवश्य आहे. रयतवारीत दर कुळाकडून ठरल्या महिन्यांत हप्ते वसूल करावयाचे. आकार जबर, पीक बेभरवशाचे, आणि वसुलीत खोट आली तर जाब तहसीलदाराला. तहसीलदार हाच मुलकी कामगार, हाच पोलिसांचा मुख्य आणि लहानसहान गुन्ह्यांचा मॅजिस्ट्रेटही हाच. म्हणजे ज्याने पैसे मागावयाचे, त्याच्याच हाताखाली शिपाई, आणि शिपायाने मारले तर फिर्याद ऐकणाराही तोच. मग रयतेला भर उन्हात वाकवून उभे करावे, पाठीवर दगड ठेवावा. मान दोरीने पायाच्या अंगठ्याशी बांधून तासन् तास ठेवावे, ज्याला तमिळ मुलखात 'अण्णांदाळ' म्हणत. किंवा बोटे लाकडी चिमट्यात आवळावी, जिला 'किट्टी' म्हणत. हे सारे अगदी क्षुल्लक रकमांसाठी.

सेमूर साहेबांनी विलायतेत परतल्यावर ही गोष्ट कॉमन्स सभेत काढली. कंपनीची बाजू मांडणाऱ्यांना असे काही असल्याचे प्रथमच ऐकू आले. अखेर १८५४ मध्ये चौकशी कमिशन नेमणे भाग पडले. एलियट, स्टोक्स आणि नॉर्टन असे तिघे सभासद. पैकी जॉन ब्रूस नॉर्टन हे मद्रासचे नामांकित वकील, कंपनीच्या कारभाराचे कडवे टीकाकार. कमिशनने जाहीर केले की, ज्याची तक्रार असेल त्याने यावे किंवा लिहावे. तीन महिन्यांत सुमारे दोन हजार तक्रारी आल्या. कित्येकजण शेकडो मैल चालत मद्रासेस आले. आगगाडी तेव्हा या इलाख्यात सुरू व्हावयाची होती. पिकाचे दिवस सोडून, वाटखर्चाची भाकरी फडक्यात बांधून, ज्या तहसीलदाराच्या हद्दीत पुन्हा जावयाचे त्याच्याच विरुद्ध सांगण्यासाठी एखादे कुळ इतके चालते, याचा अर्थ आम्ही कितीदा तरी मनाशी केला आहे. लक्ष्मीनरसूला पैशाचे बळ होते, नॉर्टनना कातडीचे होते. या माणसांना कसले होते?

कमिशनचा अहवाल १८५५ च्या एप्रिलात झाला. छळ होतो, सर्रास होतो, हे त्यात मान्य केले गेले. पण त्याबरोबरच असाही निष्कर्ष नोंदला की, लोकांची ओरड गोऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध नसून आपल्याच देशबांधवांच्या क्रौर्यापासून सोडवा अशी आहे. हा निष्कर्ष सरकारच्या किती सोयीचा होता हे सांगावयास नको. वसुलीचा आकडा कलेक्टराने ठरवावा, तो भरला नाही तर तहसीलदाराला काढून टाकावे, पगार इतका अल्प द्यावा की वरकमाईवाचून निर्वाह होऊ नये, आणि शेवटी किट्टी आवळणारा हात काळा आहे म्हणून आपले हात धुऊन मोकळे व्हावे! कार्ल मार्क्स यांनी १८५७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या 'डेली ट्रिब्यून' पत्रात याच अहवालाच्या आधारे लेख लिहिला. शिपायांच्या क्रौर्यकथांनी इंग्रजी वृत्तपत्रे भरली असताना, राज्यकर्त्यांचे स्वतःचे दप्तर काय सांगते, ते त्यांनी वाचकांपुढे मांडले.

तथापि मराठी वाचकाने या वाक्यावरून इतक्या सहजी पुढे जाऊ नये, असे आम्हांस वाटते. कारण हे 'देशबांधव' कोण होते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांतील मुलकी कचेऱ्या देशस्थ ब्राह्मणांच्या हाती होत्या. विजापूर, गोवळकोंडा आणि तंजावर या दरबारांतून हिशेबाची जी विद्या दक्षिणेत उतरली, तिचे हे वारसदार. कंपनीने मुलूख घेतला, पण दप्तर वाचणारी माणसे तिला हीच घ्यावी लागली. कित्येक ठिकाणी सरकारी हिशेब मराठीत, मोडी लिपीत ठेवले जात. तमिळ वा तेलुगू रयतेला तो कागद वाचता येत नसे, आणि पुष्कळदा कलेक्टरालाही नसे. शिरस्तेदार, पेशकार, तहसीलदार अशी एकाच गोतावळ्याची साखळी एकेका जिल्ह्यात पसरलेली असे. गुंटूर जिल्ह्यात तर या मंडळींचा जम इतका पक्का होता की, वसुलीच्या गोंधळाची चौकशी करता करता सरकारच्या नाकी नऊ आले.

'बृहन्महाराष्ट्रा'चा अभिमान सांगताना आम्ही तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय सांगतो, सरफोजीराजांची विद्वत्ता सांगतो, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख दाखवितो. तो अभिमान रास्त आहे. पण त्याच वारशात हे मोडी दप्तरही येते, आणि त्या दप्तरातील बाकी वसूल करण्याची रीतही. सर्वच मराठी कामगार क्रूर होते असे म्हणणे अन्याय्य होईल. अन्य जातींचे व भाषांचे कामगार काही कमी नव्हते. परंतु मद्रासेस चालत गेलेल्या त्या कुळांपैकी कित्येकांच्या तोंडी ज्या नावांचा शेवट 'राव' असा होता, ती नावे परकी नव्हती.

त्याच १८५५ सालच्या ऑक्टोबरात तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातील खाजगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. हिंदू राजस्त्रीने पडद्याआडून सरकारला कोर्टात खेचावे, हे त्या काळी लहान धाडस नव्हे. आणि मद्रासच्या कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला हे त्याहून नवल. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. सरकारने राज्यसत्तेच्या अधिकाराने जे घेतले, ते योग्य की अयोग्य हे पाहण्याचा अधिकार कोर्टाला नाही, असा तो निर्णय. राणीचा दावा असा बुडाला. मात्र त्याच वर्षी निनावी कुळांच्या तक्रारींना एक फळ आले: १८५९ च्या चोविसाव्या कायद्याने मद्रास इलाख्यात पोलीसखाते मुलकी खात्यापासून वेगळे झाले. तहसीलदाराच्या हातून शिपाई गेला. मॅजिस्ट्रेटी राहिली.

लक्ष्मीनरसूची पुढील हकिकत थोडक्यात सांगता येईल. कंपनीचे राज्य काढून राणीचे राज्य द्यावे असा, चौदा हजारांवर सह्या असलेला अर्ज त्याने पाठविला. सत्तावनच्या धामधुमीत पोलिसांचा त्याच्यावर पहारा होता. आणि राणीचे राज्य खरोखरच आल्यानंतर त्याच सरकारने त्याला सी. एस. आय. ही पदवी दिली, कायदे कौन्सिलातही घेतले. राजद्रोही आणि राजमान्य या दोन पदव्यांतील अंतर किती अल्प असते! सार्वजनिक कामात त्याने आपली सारी दौलत घालविली आणि १८६८ मध्ये तो जवळजवळ निर्धन स्थितीत वारला. 'क्रेसेंट' बंद पडले, असोसिएशनही निस्तेज झाली. एका माणसाच्या पैशावर उभी राहिलेली संस्था त्याच्या पैशाबरोबर जाते.

पुढची पिढी आली ती पैसेवाल्यांची नव्हती. १८७८ मध्ये टी. मुत्तुस्वामी अय्यर यांस हायकोर्टाचे न्यायाधीश नेमले, तेव्हा मद्रासच्या गोऱ्या पत्रांनी एकच गिल्ला केला. त्यास उत्तर देण्यास पत्र नाही हे पाहून ट्रिप्लिकेनमधील सहा तरुणांनी, त्यांपैकी जी. सुब्रह्मण्य अय्यर व वीरराघवाचार्य हे दोघे शिक्षक आणि बाकीचे चौघे कायद्याचे विद्यार्थी, एक रुपया बारा आणे उसने घेऊन २० सप्टेंबर १८७८ रोजी 'हिंदू' साप्ताहिकाच्या ऐंशी प्रती छापल्या. छापखाना मिंट स्ट्रीटवरील. त्याच वर्षाच्या मार्चात देशी भाषांतील पत्रांचे तोंड बांधणारा कायदा झाला होता. इंग्रजी पत्र त्यातून सुटत असे. सुब्रह्मण्य अय्यरांना मात्र इंग्रजीत बोलून समाधान नव्हते. १८८२ मध्ये त्यांनी तमिळमध्ये 'स्वदेशमित्रन्' काढले आणि पुढे 'हिंदू' सोडून सारा जीव त्यातच ओतला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांस अटक झाली. या गृहस्थाने आपल्या बालविधवा मुलीचा पुनर्विवाह १८८९ च्या काँग्रेसच्या वेळी मुंबईत लावला होता व त्यापायी आपल्या माणसांचा बहिष्कार सोसला होता. सरकारवर टीका करणारे पुष्कळ असतात. तीच फूटपट्टी आपल्या घराला लावणारे विरळा.

१८८४ च्या मे महिन्यात याच मंडळींनी मद्रास महाजन सभा स्थापिली. त्या वर्षअखेरीस तिची पहिली परिषद भरली, तीत चर्चेला घेतलेल्या विषयांत मुलकी आणि न्यायविषयक अधिकार विभक्त करण्याचा विषय होता. तीस वर्षांमागे कुळांनी जे अंगावर सोसले, त्याचाच आता निबंध झाला. त्याच सुमारास अड्यारच्या थिऑसॉफिकल परिषदेनंतर सतरा गृहस्थ मैलापुरात दिवाणबहादूर रघुनाथराव यांच्या घरी जमले व राष्ट्रीय सभेची कल्पना तेथे बोलली गेली, असे अॅनी बेझंट यांनी लिहून ठेवले आहे. राष्ट्रीय सभेच्या जन्माची अशी अनेक स्थाने सांगतात; त्यांचा निवाडा करण्याचा आमचा मानस नाही. आम्हांस महत्त्व वाटते ते यजमानाचे. रघुनाथराव आणि त्यांचे चुलत बंधू सर टी. माधवराव हे दोघेही त्याच तंजावरी मराठी कामगार कुळांतले. घराण्यात दिवाणगिरी चालत आलेली. दोघांनीही आयुष्यभर संस्थानांची नाहीतर सरकारची चाकरी केली. रघुनाथराव पुढे रानड्यांच्या बरोबरीने सामाजिक परिषदेच्या कार्यात उतरले. माधवराव १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्ष झाले. ज्या वर्गाविरुद्ध अर्ज गेले, त्याच वर्गाची पुढची पिढी अर्जदारांच्या पंक्तीत येऊन बसली.

त्या १८८७ च्या अधिवेशनाला बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष होते आणि सहाशे सात प्रतिनिधी. त्याचा खर्च कसा जमला हे पाहण्याजोगे आहे. एक आण्यापासून दीड रुपयापर्यंतच्या वर्गणीने सुमारे आठ हजार लोकांनी साडेपाच हजार रुपये दिले. वीरराघवाचार्यांनी तमिळमध्ये प्रश्नोत्तररूपाने लिहिलेल्या काँग्रेसविषयक पुस्तिकेच्या तीस हजार प्रती लोकांत गेल्या. लक्ष्मीनरसूच्या एका थैलीची जागा आठ हजार कनवटींनी घेतली होती. गव्हर्नर लॉर्ड कॉनेमारा यांनी प्रतिनिधींना चहापानाला बोलाविले. हे प्रेम मात्र फार दिवस टिकले नाही. १८९० मध्ये कलकत्त्यास बंगाल सरकारने, सरकारी नोकरांनी काँग्रेसला प्रेक्षक म्हणूनही जाऊ नये, असा हुकूम काढला. व्हाइसरॉयांनी नंतर त्याची धार बोथट केली. परंतु सरकारी नोकर आणि नागरिक हे दोन वेगळे प्राणी आहेत, ही कल्पना तेव्हापासून दप्तरात रुजली.

स्वराज्य आल्यावर राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भाषणाचे व संघटनेचे स्वातंत्र्य दिले. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतील निवाडे चाळले तर प्रतिवादी म्हणून 'मद्रास राज्य' हे नाव किती वेळा येते! १९५० मध्ये रोमेश थापर यांच्या 'क्रॉसरोड्स' पत्राला मद्रास सरकारने बंदी केली. कोर्टाने ती रद्द केली. त्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटी बेकायदा ठरविली गेली. तिचे एक पदाधिकारी, मद्रासचे बॅरिस्टर व्ही. जी. राव, लढत गेले आणि १९५२ मध्ये जिंकले. ही बंदी घालणारे सरकार त्या काँग्रेसचे होते, जिच्या पहिल्या अधिवेशनातला पहिला ठराव मद्रासच्याच सुब्रह्मण्य अय्यरांनी मांडला होता. मुलकी आणि न्यायाधिकार वेगळे करण्याचे महाजन सभेचे जुने मागणे देशभर पुरे झाले ते १९७३ च्या फौजदारी संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून.

आणि आम्ही कारकून मंडळी? १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरविले की, सरकारी नोकराला शांतपणे निदर्शने करण्याची सरसकट मनाई करता येत नाही. संपाचा मात्र त्याला मूलभूत हक्क नाही. मद्रासेतच या प्रश्नाची फार कठोर परीक्षा झाली. २००३ च्या जुलैत तामिळनाडूचे सरकारी नोकर व शिक्षक निवृत्तिवेतनादी सवलतींच्या कपातीविरुद्ध संपावर गेले आणि राज्य सरकारने दीड लाखांहून अधिक लोकांना एका हुकुमासरशी बडतर्फ केले. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने, संपाचा हक्क कायद्यानेही नाही आणि नीतीनेही नाही, असे म्हटले. नोकरांपैकी बहुसंख्यांना परत घेतले गेले. त्यासाठी प्रत्येकाने एक कागद लिहून द्यावयाचा होता: बिनशर्त माफी, आणि वर्तणुकीचे नियम यापुढे पाळीन अशी हमी. खाली सही, हुद्दा आणि तारीख.